‘जरा बघा’चा अर्थ एजंटला सांगताना

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही मॅन्युअल लिहिता ना, मग हेही लिहून टाका. चार दिवसांचं काम आहे.” ते काम ११ सप्टेंबर २०२५ ला संपलं. मधल्या काळात दोनदा वाटलं की हे आपल्याच्यानं होणार नाही, आणि एकदा तसं सरांना सांगूनही आले. तुमच्या ऑफिसात हे काम उद्या तुमच्या टेबलावर येऊ शकतं, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

आधी माझ्याबद्दल. मी कोल्हापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं हेल्पडेस्कला आहे. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांत चालतं: सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात, उचल. मला कोडिंग येत नाही. फोनवर सचिव काय विचारतात आणि कुठं अडतात, एवढं मात्र पाठ आहे.

कंपनीला सचिवांसाठी एक मदतनीस करायचा होता. मराठीत प्रश्न विचारायचा, त्यानं आमच्या सॉफ्टवेअरमधून माहिती काढून उत्तर द्यायचं. यालाच एजंट म्हणतात. एजंट म्हणजे भाषेचं मॉडेल, आणि त्याच्या हाती दिलेली काही टूल्स, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधलं एकेक काम करून देणारी साधनं. मॉडेलला आमचा कोड दिसत नाही. त्याला प्रत्येक टूलचं फक्त नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी दिसते, आणि तेवढ्यावरून ते ठरवतं की आता कुठलं टूल वापरायचं आणि त्यात काय भरायचं. ते वर्णन म्हणजेच सरांचं ‘हेही’.

२ जूनला डेव्हलपरनं यादी पाठवली. ३१ टूल्स. त्यात ‘गेट मेंबर’, ‘फेच मेंबर’ आणि ‘मेंबर डिटेल्स’ अशी तीन वेगवेगळी होती. तीन काळांत तीन माणसांनी लिहिलेली. प्रत्येकाला वाटलं आधीचं मोडू नये, म्हणून बाजूला नवीन उभं केलं. वर्णनं एकेका ओळीची. ‘फेच लेजर’चं वर्णन होतं, ‘लेजर फेच करतं.’ (आम्ही वापरत होतो त्या एपीआयला, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून मॉडेलशी बोलतं त्या सोयीला, टूलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफनच चालायचे, तेही ६४ अक्षरांपर्यंत. इथं वाचायला सोपं जावं म्हणून सगळी नावं देवनागरीत लिहितेय.)

मी डेव्हलपरला विचारलं, “तिन्ही मेंबरांत फरक काय?” तो म्हणाला, “तसा काही नाही. म्हणजे, मधल्यात बंद झालेले सभासदही येतात.” हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी एवढंच केलं: ३१ ओळींची वही घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि प्रत्येक टूलला ‘हे कधी वापरायचं नाही?’ असं विचारत गेले. ‘हे काय करतं’ विचारलं की तो कोड वाचून दाखवायचा. ‘कधी नाही’ विचारलं की आठवून बोलायचा. त्याच बोलण्यातून कळलं की बरीच टूल्स नुसती डुप्लिकेट आहेत. शेवटी नऊ उरली.

त्याच आठवड्यात दोन दिवस बँकेत गेले. मॉडेल वापरायचे पैसे आगाऊ भरायचे होते, आणि कंपनीच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद होते. ॲपमधून चालू होईना, कारण कार्डाला जोडलेला मोबाइल नंबर जुन्या अकाउंटंटचा. अर्ज, लेटरहेड, सरांची सही, शिक्का, पुन्हा अर्ज. हे आधी करून ठेवा.

मग प्रश्न. वर्णन नीट झालंय की नाही हे वर्णन वाचून कळत नाही, खरे प्रश्न घालूनच कळतं. आमच्या हेल्पडेस्कला एक जाडजूड रजिस्टर आहे, आलेला प्रत्येक फोन त्यात एका ओळीत लिहायचा. मी त्यातून ७५ प्रश्न उतरवले, सचिवांच्याच शब्दांत. “४२ ला परवा संध्याकाळचं फॅट किती लागलं?” “संभाजीच्या बिलात उचल कापली का?” असे. त्यातले १५ पाकिटात घालून सरांच्या कपाटात ठेवले आणि उरलेल्या ६० वर काम करायचं ठरवलं. पाकिटाची कल्पना डेव्हलपरची. मला तेव्हा तो उगाचचा सोपस्कार वाटला होता.

१३ जूनला पहिली चाचणी. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मॉडेल प्रत्येक वेळी तसंच वागेल असं नसतं, म्हणून प्रत्येक प्रश्न तीनदा, आणि तिन्ही वेळा बरोबर आलं तरच पास. साठपैकी २२ पास झाले. खर्च सहाशे रुपयांच्या आसपास. मला वाटलं होतं मॉडेल ‘हुशार’ आहे म्हणतात, निदान चाळीस तरी येतील.

मग लॉग वाचायला बसले. तीन दिवस नुसते लॉग वाचले आणि त्या तीन दिवसांत जे कळलं ते नंतरच्या महिन्यात कळलं नाही. लॉगमध्ये दिसतं की मॉडेलनं कुठलं टूल निवडलं, रकान्यांत काय भरलं, उलट काय आलं.

सचिवांनी विचारलेलं “म्हशीचं दूध किती झालं?” एजंटनं संकलनाच्या टूलमध्ये ‘टाइप’ या रकान्यात ‘एम’ भरला. रकाना होता सकाळ-संध्याकाळचा. एम म्हणजे मॉर्निंग, ई म्हणजे इव्हनिंग. पण रकान्याचं नावच ‘टाइप’, वर्णन रिकामं, आणि प्रश्न म्हशीचा. एम फॉर म्हैस! हसू आलं, पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच भरलं असतं. रकान्याचं नाव बदलून ‘वेळ’ केलं, एक अक्षराऐवजी ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ असे दोनच पूर्ण शब्द चालतील अशी यादी लावली, आणि जनावराचा रकाना वेगळा केला. पुढच्या चाचणीत चार प्रश्न आपोआप पास झाले, वर्णनातलं एकही वाक्य न वाढवता. तेव्हापासून मी आधी नाव आणि रकाने बघते, वर्णन नंतर.

दुसरी भानगड ‘दहा दिवसांचं’. आमच्याकडे बिलाचे महिन्यात तीन कालावधी: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ पासून महिनाअखेर. शेवटचा कधी अकरा दिवसांचा असतो, फेब्रुवारीत आठाचा, तरी सगळे त्याला दहा दिवसांचंच बिल म्हणतात. एजंटनं आपलं आजपासून मागं दहा दिवस मोजले. आणि आजची तारीख त्याला कुणी सांगितलीच नव्हती, तीही अंदाजानंच. मॉडेलला आज कुठली तारीख आहे ते आपोआप माहीत नसतं. आपण द्यावी लागते. आता प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला जाते.

तिसरी सरासरी फॅटची. एका सभासदाचं सकाळी ८ लिटर, फॅट ३.८, संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.४. एजंटनं दोन्ही आकडे मिळवून दोननं भागले आणि ४.१ सांगितलं. दूध संस्थेत कुणीही सांगेल की हे चूक आहे. लिटरनं गुणून काढायचं, म्हणजे ४.० येतं. आणि ज्या दिवशी दूध घातलंच नाही त्या दिवसाचं फॅट आमचं सॉफ्टवेअर ०.० असं पाठवत होतं, तेही सरासरीत धरलं गेलं. शून्य फॅटचं दूध! इथं वर्णनात वाक्य घालून भागलं नसतं. डेव्हलपरला सांगून दूध नसलेल्या दिवसाची नोंद पाठवणंच बंद केलं, आणि सरासरी काढूनच द्यायला लावली.

जूनअखेर बिलाच्या टूलचं वर्णन असं झालं होतं:

“एका सभासदाचं एका बिल-कालावधीचं दूध बिल आणतं: एकूण लिटर, लिटरनुसार काढलेली सरासरी फॅट व एसएनएफ, दुधाची रक्कम, कपाती आणि हातात पडणारी रक्कम. कालावधी महिन्यात तीन: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. सचिव ‘दहा दिवसांचं’ म्हणतात तेव्हा यांतलाच एक कालावधी अभिप्रेत असतो, आजपासून मागचे दहा दिवस नव्हे. एका दिवसाच्या दुधासाठी हे वापरू नये, त्यासाठी ‘रोजचं संकलन’ आहे. सभासद क्रमांक माहीत नसेल तर आधी ‘सभासद शोध’ वापरावं; क्रमांक अंदाजानं भरू नये. कालावधी संपलेला नसेल तर ‘बिल तयार नाही’ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ शून्य रुपये असा नाही.”

‘क्लॉड’ हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिक कंपनीच्या कागदपत्रांत प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यांचं वर्णन द्या असं लिहिलंय. ते वाचण्याआधी मला वाटायचं थोडक्यात लिहिणं म्हणजे चांगलं लिहिणं. मॅन्युअल लिहिणाऱ्याची ती सवयच असते. पण मॅन्युअल वाचणारा सचिव तीस वर्षं दूध मोजतोय. मी न लिहिलेलं तो स्वतः भरून घेतो. मॉडेलही भरून घेतं, पण दुसऱ्याच कुठल्या तरी गावचं.

ही वर्णनं मराठीत लिहायची की इंग्रजीत, यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली. वर्णन प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं आणि त्याचे पैसे टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे करतं त्यांच्या संख्येवर, लागतात. देवनागरीला तोच मजकूर सांगायला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन पडतात. मी दोन्ही करून बघितलं. आमच्या प्रश्नांपुरता निकालात काही फरक दिसला नाही, बिलात दिसला. म्हणून वाक्यं इंग्रजीत ठेवली आणि उचल, कपात असे शब्द मराठीच, देवनागरीत. ‘उचल’ला कुठलाही इंग्रजी शब्द लावला तरी तो थोडा खोटाच पडतो. (वर दिलेलं वर्णन मी तुमच्यासाठी मराठीत लिहिलंय.)

आता खऱ्या डेटावर चाचणी करायची होती, आणि इथं गाडी अडली. सभासदांची नावं, रकमा, बँक खाती. संस्थेच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही असं सरांचं स्पष्ट मत, आणि ते योग्यच. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका संस्थेचे सचिव तयार होते, पण म्हणाले, “ताई, माझ्या सहीनं चालत नाही. संचालक मंडळाचा ठराव पायजे.” जूनची सभा गणपूर्तीअभावी तहकूब. पुढची १२ जुलैला. अर्जात मी लिहिलं होतं, ‘एआय एजंटच्या टूल वर्णनांची चाचणी’. चेअरमन म्हणाले, हे काय ते आम्हाला कळंना, परत लिहून आणा. परत लिहिलं: कुठली माहिती वाचली जाईल, कुठली नाही, बँक खाते क्रमांक झाकले जातील, काही बदललं जाणार नाही, किती दिवस. एका पानात. ठराव मंजूर झाला, नक्कल मिळायला आणखी सहा दिवस. ते पान मी जपून ठेवलंय, कारण माझ्या नऊ वर्णनांपेक्षा ते स्पष्ट झालं होतं. चेअरमननी परत पाठवलं म्हणून.

२३ जुलै. धो धो पाऊस, अर्ध्या वाटेवर रस्त्यावर पाणी, तरी पोचलो. सचिव स्वतः टाइप करायला बसले. पहिलाच प्रश्न: “गेल्या दिवाळीला १४८ ला फरक किती गेला?”

एजंटनं दिवाळीच्या आधीचं आणि नंतरचं बिल काढलं, एकातून दुसरं वजा केलं आणि उत्तर दिलं: २१२ रुपये.

सचिव माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, तुमचं मशिन आमच्या फरकाची वजाबाकी करालंय.” कोल्हापूरकडं दूध घालणाऱ्याला फरक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वर्षभराच्या दुधावर दिवाळीआधी मिळणारी दर-फरकाची रक्कम, जिच्यावर घरातली दिवाळी ठरते. मी हा शब्द नऊ वर्षं रोज ऐकतेय, आणि माझ्या साठ प्रश्नांत त्याचा अर्थ लिहावा असं मला एकदाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? उन्हाळ्यात फरकाबद्दल कुणी फोन करत नाही, आणि मी रजिस्टरची एप्रिल-मेचीच पानं उतरवली होती. तुम्ही प्रश्न गोळा कराल तेव्हा वर्षाच्या सगळ्या महिन्यांतून घ्या.

पण त्या दिवशीची खरी धडकी नंतर भरली. सचिवांनी लिहिलं, “१२ नंबरचं आज सकाळचं फॅट जरा बघा, चुकलंय वाटतं.” एजंटनं नोंद काढली. ७.९, गायीच्या दुधाला. मग ‘नोंद दुरुस्ती’ हे टूल उघडलं, आदल्या दिवसांच्या फॅटवरून ३.९ हा आकडा स्वतःच ठरवला, आणि दुरुस्ती करून टाकली. वर नम्रपणे कळवलं की चूक सुधारली आहे.

चाचणीची प्रत होती, मूळ डेटा नव्हता, म्हणून वाचलो. पण मी ठरावाच्या अर्जात ‘काही बदललं जाणार नाही’ असं लिहून दिलेलं. सचिव काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

परतीच्या वाटेवर मी ‘जरा बघा’वर विचार करत होते. आपण डॉक्टरला ‘जरा बघा’ म्हणतो तेव्हा तपासा म्हणतो. प्लंबरला ‘नळाचं जरा बघा’ म्हणतो तेव्हा दुरुस्त करा म्हणतो. एजंटनं प्लंबरचा अर्थ घेतला. त्याला मी दोष कसा देऊ? दुरुस्तीच्या टूलचं वर्णन माझंच होतं: ‘चुकलेली संकलन नोंद दुरुस्त करतं.’ नोंद चुकलेली होती आणि हे चुकलेल्या नोंदी दुरुस्त करतं. मग केली.

नवं वर्णन असं: “वापरणाऱ्यानं नवा आकडा स्वतः सांगितला असेल तरच वापरावं. ‘बघा’, ‘तपासा’, ‘चुकलंय वाटतं’ म्हणजे दुरुस्त करा असं नव्हे. अशा वेळी नोंद दाखवून विचारावं. नवा आकडा कधीही अंदाजानं काढू नये.” साठातले संबंधित सगळे प्रश्न पास झाले. मी खूश. डेव्हलपर मात्र म्हणाला, “हे वाक्य म्हणजे पाटी आहे, कुलूप नाही.” त्याचं बरोबर होतं. मॉडेल वर्णन बहुतेक वेळा पाळतं, आणि पैशाच्या नोंदीत ‘बहुतेक वेळा’ला काही अर्थ नाही. म्हणून आता दुरुस्तीचं टूल स्वतः काही बदलतच नाही. ते जुना आणि नवा आकडा शेजारी-शेजारी पडद्यावर आणतं, आणि सचिवानं बटण दाबल्यावरच नोंद होते. एजंटला टूल्स जोडायचा जो खुला करार आम्ही वापरतो, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, त्यात ‘हे टूल फक्त वाचतं’, ‘हे नासधूस करू शकतं’ अशा खुणा लावायची सोय मार्च २०२५ पासून आहे. त्याही आम्ही लावल्या. पण त्या खुणांना तिथं ‘हिंट’ म्हणतात, आणि त्या तेवढ्याच आहेत.

ऑगस्टमध्ये मी एक नवीन घोटाळा केला. जो प्रश्न नापास होईल त्यासाठी वर्णनात एक वाक्य वाढवायचं, असं चाललं होतं. साठपैकी ५७ पर्यंत पोचले. मग पाकीट फोडलं. पंधरापैकी ८. मी पाठ करून परीक्षा दिली होती! बिलाच्या टूलचं वर्णन तोवर दीड पान झालं होतं, त्यात एकमेकांना छेद देणारी वाक्यं, आणि कुठं तरी चक्क एका सभासदाचा क्रमांक. याच दिवशी मी सरांकडं जाऊन हे मला जमणार नाही म्हटलं. ते म्हणाले, “गणपतीनंतर बोलू.”

गणपतीच्या सुट्टीत वही घरी आणली होती. प्रत्येक वर्णन नव्यानं लिहिलं, आणि मनात एकच माणूस धरला: संस्थेत आज कामाला लागलेला, दुसऱ्या जिल्ह्यातला, बारावी झालेला पोरगा. हुशार, पण दूध कधी न बघितलेला. त्याला बारकावे सांगताना मी एकेक प्रश्न थोडाच पाठ करून देणार? दीड पानाचं सात ओळींवर आलं. आणि टूल चालवताना काही चुकलं की उलट येणारे संदेश बदलले. आधी ‘एरर ४००’ यायचं आणि एजंट तेच टूल त्याच आकड्यांनी पाच-पाचदा चालवायचा, प्रत्येक वेळचे पैसे आपले. आता येतं: ‘हा सभासद क्रमांक या संस्थेत नाही. नावावरून शोधायचं असेल तर सभासद शोध वापरा.’ वर्णनाइतकाच हा संदेशही एजंट वाचतो, हे मला फार उशिरा कळलं.

गणपती झाल्यावर सरांनी नवे पंधरा प्रश्न काढले, या वेळी रजिस्टरच्या ऑक्टोबर ते मार्चच्या पानांतून. जुने पंधरा साठांत मिळवले. नव्यातले १३ आले. जे दोन राहिले त्यातला एक ‘परवा’चा. आपल्या भाषेत परवा मागंही असतो आणि पुढंही. ‘परवाचं दूध’ म्हणजे होऊन गेलेलंच, हे वर्णनात आहे, तरी “परवा बिल निघंल का?” असं विचारलं की ते गोंधळतं. तो प्रश्न तसाच सोडला.

खर्च विचाराल तर सगळ्या चाचण्या धरून मॉडेलचे ९,४०० रुपये, परदेशी व्यवहाराचं बँक शुल्क वेगळं. माझा पगार धरला तर हिशेब वेगळा होईल, तो सरांनी केला असेल.

११ सप्टेंबरला, नव्या बिल-कालावधीच्या पहिल्या दिवशी, त्याच संस्थेत चालू केलं. सकाळी सव्वासातला सचिवांचा फोन. माझ्या पोटात गोळा.

“ताई, ह्याला पाऊस कधी उघडणार विचारलं. म्हणतंय माझ्याकडं ती माहिती नाही, संकलन आणि बिलाचं विचारा.”

जूनमध्ये हाच प्रश्न घातला असता तर त्यानं कुठलं तरी टूल चालवून काहीतरी आकडा दिला असता. मी म्हटलं, “बरोबर सांगितलं त्यानं.”

“व्हय, पण मग पाऊस कोण सांगणार?”

फोन ठेवल्यावर रजिस्टरात तारीख घालून प्रश्न उतरवून ठेवला. या वेळी पाकिटात नाही टाकला.